गिरणीबाहेरचा खडखडाट

ज्या माणसाला खडखडाटात उभं राहण्याचाच पगार मिळतो, त्याला कुणी सुट्टीच्या दिवशी खडखडाट ऐकायला बोलावलं तर तो काय म्हणेल? मी पहिल्यांदा शिवीच दिली. मग ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. हा लेख त्या पुन्हा ऐकण्यातून आलाय, म्हणून शिवी थोडी बाजूला ठेवून लिहितो. पूर्ण नाही ठेवणार.

आमचा एक दोस्त कॉलेजात जातो, लॅपटॉप बाळगतो. आमच्याच वस्तीतला, चळवळीतला. नोव्हेंबर २०२३ मध्ये रात्रपाळी सुटल्यावर चहाच्या गाड्यावर त्याने मला मोबाईलवर एक फिल्म दाखवली. इंग्लंडातली. साल १९८०, तारीख १६ मार्च. आउंडल नावाच्या गावातली बड्या घरच्या पोरांची निवासी शाळा आणि त्या शाळेत थ्रॉबिंग ग्रिसल नावाचं चौघांचं टोळकं वाजवतंय. वाजवतंय म्हणजे काय, तर गिटार आहे पण तिच्यातून सूर काढायचा नाही, तारा खरवडायच्या. टेपवर धरलेले आवाज सोडायचे. यंत्रातला ठोका, एकसारखा, दमत नाही. आणि वरून माणूस ओरडतो. समोर सगळी पोरं, एकजात मुलगे.

दोस्त म्हणाला, ‘‘आपल्या शाळेच्या गॅदरिंगला माजी विद्यार्थी म्हणून आपल्याला वीस मिनिटं दिल्यात. आपण हेच करू. मागाचा आवाज लावू. वर तुझी कविता. एकेकाची दातखीळ बसली पाहिजे.’’

दातखीळ कुणाची बसवायची, हा प्रश्न मला तेव्हाच विचारता आला असता. मी विचारला नाही. मलाही स्टेजवर जायचं होतं, हे कबूल करतो.

आधी ह्या मंडळींची ओळख. जेनेसिस पी-ऑरिज, कोझी फॅनी टुटी, पीटर क्रिस्टोफरसन आणि ख्रिस कार्टर. चौघांपैकी कुणी संगीत शाळेत शिकून आलेलं नाही, नि त्याची त्यांना लाज नाही, उलट ऐट आहे. ख्रिस कार्टर आवाज मोडायची यंत्रं स्वतः जोडून बनवायचा. १९७६ साली त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स. १९७७ सालच्या पहिल्या तबकडीच्या ७८५ प्रती काढल्या. ७८५! आपल्या अंकाच्या खपाशी नातं सांगणारा आकडा आहे हा. कुणा प्रकाशकाच्या दारात उभं न राहता आपलं आपण छापायचं, आपण वाटायचं, हे त्यांचं मला मनापासून पटतं. शाई हाताला लागल्याशिवाय शब्दाची किंमत कळत नाही, हे सायक्लोस्टाईलचं हँडल फिरवणाऱ्याला सांगायला नको.

१९७६ सालीच त्यांच्या लंडनच्या एका प्रदर्शनावरून गहजब झाला. निकोलस फेअरबेर्न नावाच्या खासदाराने ह्यांना संस्कृतीचा विध्वंस करणारे लोक ठरवलं. ह्या पदवीवर ती मंडळी पुढे आयुष्यभर जगली. मला ह्याचं हसू येतं. आपल्याला धर्म बुडवणारे ठरवायला खासदार लागत नाही. पाणवठ्यावर घागर बुडवली तरी पुरे होतं. १९२७ साली महाडला तेवढंच केलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. ह्यांच्या कंपनीचं ब्रीद होतं : कारखानदारी माणसांसाठी कारखानदारी संगीत. त्यांच्या लंडनमधल्या जागेचं नाव ‘डेथ फॅक्टरी’. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे, माझा बा यंत्रमागावर. म्हणजे ‘कारखानदारी माणूस’ म्हणून ज्याचा पत्ता टाकलाय तो मीच. पत्र मला आलंय, मग वाचायचा हक्क पण मला आहे.

वाचलं, तर त्यात मी नाही. कारखाना आहे, कामगार नाही. यंत्राचा आवाज आहे, यंत्रापाशी उभ्या माणसाचा पाय सुजलाय ते नाही. सुताचं तुसं नाकात जातं ते नाही. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांत विणकर बायकांनी ओठ वाचायची एक भाषाच तयार केली होती. मागाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, म्हणून तोंड मोठं मोठं हलवून बोलायचं, हातवारे करायचे. आमच्या इचलकरंजीत मागावरची माणसं हेच करतात, कुणी शिकवलं नाही. हे कारखान्याचं खरं संगीत, ज्यात आवाज मेलेला आहे आणि ओठ जिवंत आहेत. लँकेशायरच्या गिरण्या नेमक्या त्याच १९६०-७० च्या दशकांत धडाधड बंद पडत होत्या. त्या बायका ह्या तबकडीत कुठे दिसत नाहीत. गिरणी बंद पडली की तिचा आवाज कलावंताला सापडतो. आपल्या मुंबईत १९८२ च्या संपानंतर काय झालं? चिमण्या पाडल्या, एखाददुसरी ठेवली, तिच्या सावलीत दारू विकायला लागले, नि भिंतीवर मागाचे फोटो लावले.

ह्याहून कडू गोष्ट पुढे आहे. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचं बोधचिन्ह म्हणून त्यांनी ऑशविट्झच्या छळछावणीतल्या इमारतीचा फोटो वापरला. त्यांची बाजू मला समजते. सुसंस्कृत म्हणवणाऱ्या युरोपने माणूस मारायचा कारखाना काढला, पाळ्या लावून, हिशेब ठेवून, हे ते तोंडावर फेकत होते. फेकायलाच पाहिजे होतं. पण मेलेल्यांपैकी एकालाही विचारलं नाही, नि तो फोटो कंपनीचा शिक्का झाला. उद्या कुणी प्रयोगशील तरुण खैरलांजीच्या (२००६) झोपडीचा फोटो आपल्या गाण्याच्या कव्हरवर छापून म्हणाला, मी समाजाला हादरवतोय, तर आपण त्याला काय म्हणू? ज्याचं घर जळलं त्याने राख दाखवली तर ती साक्ष असते. ज्याने ती कपाळाला लावून मिरवली, त्याला साक्षीदार म्हणायचं का? मी नाही म्हणणार.

आता आउंडलची शाळा. ह्या शाळेमागे लंडनच्या किराणा-मसाल्याच्या व्यापाऱ्यांचा संघ आहे. विल्यम लॅक्स्टन नावाच्या व्यापाऱ्याने १५५६ साली ठेवलेल्या पैशावर ती उभी राहिली. १८७६ साली ह्या संघाने शाळेचे दोन तुकडे केले. एक तुकडा उमरावांच्या, सद्गृहस्थांच्या पोरांसाठी. दुसरा गावातल्या साध्या पोरांसाठी. एक गाव, एक देणगी, दोन शाळा. २००० साली त्या पुन्हा एक झाल्या. म्हणजे गोऱ्यांना पण गावकुसाची कल्पना चांगली ठाऊक होती. शिवत नव्हते असं नाही, एवढाच फरक. हा फरक लहान नाही. तो विसरून ‘सगळीकडे सारखंच’ म्हणणारे आपल्यातले काही मार्क्सवादी मित्र आहेत, त्यांच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

त्या शाळेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सँडरसन नावाचा हेडमास्तर होता. मोठा माणूस. त्याने शाळेत वर्कशॉप उभे केले. बड्यांची पोरं तिथे लोखंड तापवायला, यंत्र चालवायला शिकली. एच. जी. वेल्सने त्याच्यावर पुस्तक लिहिलं (१९२४). म्हणजे कारखान्याचा आवाज त्या पोरांना नवा नव्हता. पण त्यांचा कारखाना तासाची घंटा झाली की सुटायचा. आणि त्याच शाळेत बाखचं मोठं भजन सगळ्या शाळेने मिळून गाण्याची परंपरा होती. शेकडो पोरांनी एका तोंडाने गायचं, हे त्यांच्या हाडात होतं.

हे कशासाठी सांगतोय? त्या रात्री काय झालं बघा. टोळक्याने आपल्याकडचा सगळा गोंगाट त्या पोरांवर ओतला. पोरं घाबरली नाहीत. पळाली नाहीत. चेकाळली, नाचली, आरडाओरडा केला. आणि मग त्यांनी एका सुरात ‘जेरुसलेम’ म्हणायला सुरुवात केली. विल्यम ब्लेकची कविता, ह्युबर्ट पॅरीने १९१६ साली चाल लावली. इंग्लंडात राष्ट्रगीतासारखं म्हणतात. बड्यांच्या शाळांत म्हणतात आणि मजूर पक्षाच्या अधिवेशनात पण म्हणतात. ह्याच गाण्यात इंग्लंडच्या काळोख्या गिरण्यांवर बोट ठेवलेलं आहे. गिरण्यांचं नाव घेणारं गाणं मालकांच्या पोरांच्या तोंडी, कारखान्याचा आवाज कलावंतांच्या हाती, आणि गिरणीतलं माणूस त्या हॉलच्या आसपास कुठंच नाही.

माझ्या दोस्ताला ही फिल्म विजयाची वाटली. मला ती पराभवाची वाटते, आणि म्हणूनच ती ह्या लोकांच्या सगळ्या तबकड्यांपेक्षा मोठी वाटते. कारण तिथे खोटं काही राहिलं नाही. ज्याच्यापाशी चारशे वर्षांची शाळा आहे, त्याला तुमच्या गोंगाटाने काही होत नाही. तो तुमचा गोंगाट झेलतो, मजा घेतो आणि आपलं गाणं सुरू करतो. चार वर्षांपूर्वी संस्कृतीचे विध्वंसक ठरलेले लोक, आणि त्याच संस्कृतीची पोरं तयार करणाऱ्या शाळेत पाहुणे!

एक सोडून. कोझी. पोरांच्या त्या शाळेत स्टेजवर ती एकटी बाई. गिटार मांडीवर, कमरेवर, कशीही घेते. कुणाकडे बघत नाही, कुणाला घाबरवायला जात नाही. जेनेसिसला पोरांच्या डोळ्यांची भूक आहे, तो सारखा त्यांच्याकडे जातो. ती आपलं काम करते, आमच्याकडे एखादी कांडीवाली करते तसं. फिल्ममध्ये मला ह्या बाईचं खरं वाटलं. पुढे २०१७ साली तिने आपलं आत्मचरित्र लिहिलं आणि ह्या टोळक्यात तिच्यावर काय काय झालं ते बाहेर काढलं. विद्रोही टोळक्यात बाईचं काय होतं, ह्यावर आपल्याकडच्या बायांनी पण लिहिलंय. ते आपण किती वाचलं?

आउंडल आपल्यापासून लांब नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा पांढरपेशा वाचकाच्या पायाखालची सतरंजी हलली होती. पन्नास वर्षांत त्याने ती नीट करून घेतली. आता तो आपल्या शिव्यांना टाळ्या देतो, अभ्यासक्रमाला लावतो, परिसंवाद भरवतो, नि मग उठून आपलं जेरुसलेम म्हणायला लागतो. आपली पोरं अजून समजतात की जोरात ओरडलं की विद्रोह झाला. आवाज मोठा करणं हे यंत्राचं बटण आहे. ते कुणालाही फिरवता येतं. लग्नातला डीजेवाला आपल्यापेक्षा जास्त फिरवतो.

मग गोंगाटाचं काहीच करायचं नाही का? तसं नाही. इटलीत लुईजी रुसोलो नावाच्या माणसाने १९१३ सालीच जाहीरनामा काढला होता की आता यंत्रांचे आवाज हेच संगीत. त्याने गोंगाट करणाऱ्या पेट्या बनवल्या. त्याच्या टोळीचा पुढारी मारिनेत्ती पुढे मुसोलिनीच्या पंगतीला बसला. पण १९२२ साली बाकू शहरात, क्रांतीच्या पाचव्या वाढदिवसाला, आर्सेनी अव्रामोव्ह नावाच्या माणसाने कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे कर्णे, तोफा, सगळ्या शहराचा मिळून जलसा केला. भोंगा म्हणजे काय हे मला विचारा. भोंगा झोपेतून ओढून काढतो. तोच भोंगा एका दिवसापुरता सणाला वाजला! रुसोलो आणि अव्रामोव्ह दोघांकडे आवाज तोच. पण एकीकडे यंत्राचं कौतुक आहे, दुसरीकडे यंत्रामागचे लोक रस्त्यावर आहेत. समीक्षेने कान इथे लावायला पाहिजे.

आणि आपल्या देशात कानाला जात आहे. गौतम धर्मसूत्रात शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील नाहीतर लाख ओतायची शिक्षा लिहिलेली आहे. काय ऐकायचं आणि काय नाही, हे वाटून दिलेलं. गिरणीत पण. मुंबईच्या गिरण्यांत विणाईच्या खात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागायचं, आणि सवर्ण कामगार म्हणायचे, अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. विणाईत पगार जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. म्हणजे ज्या मागाच्या खडखडाटाला आज माझा दोस्त ‘प्रायोगिक’ म्हणतो, त्या खडखडाटात जायला आपल्या आज्याला बंदी होती. ही गंमत रुसोलोला कळली नसती.

कायदा पण बघा. शाळेभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, २००० सालचे नियम, दिवसा ५० डेसिबल. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलपर्यंत चालतं. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते, म्हणजे ह्या दोन आकड्यांत दहा हजार पटीचा फरक. शिकणाऱ्याच्या कानाला ५०, राबणाऱ्याच्या कानाला ९०. शाळेच्या गॅदरिंगला मागाचा आवाज लावायचा म्हणजे हे दोन आकडे एका खोलीत आणायचे. दोस्ताचं म्हणणं मला ह्या ठिकाणी पटलं, आणि मी तयार झालो.

आम्ही तिघे होतो. तिसरा आमचा हलगीवाला दोस्त. मातंग समाजातला, माझ्याच वर्गातला. शाळेत दर १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला लेझीम व्हायची. लेझीमच्या रांगेत सगळी पोरं, आणि हा कडेला उभा, गळ्यात हलगी. ‘तुझ्या घरातलंच आहे, तू वाजव,’ असं मास्तर पाचवीत म्हणाले ते दहावीपर्यंत. त्याला एकदा पण लेझीम हातात मिळाली नाही. मी रांगेत होतो. त्याच्या ठोक्यावर नाचत होतो. माझ्या घरात हलगीला हात लावायची बंदी. आज्याने १९५६ नंतर गावकीची सगळी कामं टाकली, मेलेलं ढोर टाकलं, वाजवणं टाकलं. बरोबर केलं. त्यावर माझं दुमत नाही. पण ज्याला टाकता आलं नाही, त्याच्याकडे आपण कसं बघितलं? आपण त्याला मागे राहिलेला म्हणालो आणि त्याच्याच ठोक्यावर १४ एप्रिलची मिरवणूक काढली. हे मी आपल्याच अंकात लिहितोय, दुसरीकडे लिहिलं नसतं.

लॅपटॉपवाला म्हणाला, हलगीचा ठोका रेकॉर्ड करून घेऊ, मग यंत्रात घालून हवा तेवढा तोडू-मोडू. हलगीवाला म्हणाला, ‘‘यंत्रात घालायचं तर मी कशाला येऊ? मी वाजवतो की.’’ त्यावर वाद झाला. तमिळनाडूत २०१८ पासून कास्टलेस कलेक्टिव्हची पोरं पराई वाजवतात ते मी त्यांना दाखवलं. तिथे वाद्य आणि वाजवणारा दोघं पुढे असतात. मग ठरलं : माग यंत्रातून, हलगी हातातून, कविता माझी.

गॅदरिंग डिसेंबर २०२३ मध्ये झालं. निमंत्रणपत्रिकेत ‘प्रायोगिक संगीत’ छापलं होतं, त्यामुळे सर लोकांना वाटलं फ्यूजन असेल. स्टेजमागे दोस्ताने हलगी शेकायला कागद पेटवला तर शिपाई धावून आला. मग शेकणं अर्धंच राहिलं, आणि हलगी सुरुवातीला जरा ढिली बोलली. आम्ही सुरू केलं. बाच्या शेडमध्ये मोबाईलवर धरलेला बारा मागांचा आवाज, दोन मोठ्या बॉक्समधून. पुढची बारकी पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली. मी कविता म्हणत होतो, पण कुणाला काही ऐकू येत नव्हतं, मला पण नाही. ही आमची चूक. आउंडलवाल्यांसारखीच. ज्या शब्दासाठी सगळं मांडलं तोच आम्ही यंत्राखाली दाबून टाकला.

माझा बा तिसऱ्या रांगेत होता. त्याच्यासाठी हा आवाज म्हणजे काहीच नवं नव्हतं. बाकीचे दचकले, तो दचकला नाही. त्याने फक्त मान पुढे काढली आणि माझ्या ओठांकडे बघायला लागला. तीस वर्षं शेडमध्ये बघतो तसं. सबंध हॉलमध्ये माझी कविता त्या एका माणसापर्यंत पोचली. घरी आल्यावर त्याने तिच्यातली एक ओळ दुरुस्त करून सांगितली. वहिफणीला मी चुकीच्या जागी बसवलं होतं.

सहाव्या-सातव्या मिनिटाला एका पदाधिकाऱ्याने खूण केली, आणि कुणीतरी ॲम्प्लिफायरची पिन काढली. माग थांबले. हलगीला पिन नसते. ती चालू राहायला पाहिजे होती. मला वाटलं, आता खरं होणार. पण दोस्ताने पण काड्या खाली केल्या. नंतर मी त्याला तावातावाने विचारलं, तू का थांबलास? तो म्हणाला, ‘‘खूण झाली की थांबायचं, हे हाताला माहीत आहे. डोक्याला विचारत नाही हात.’’ मी गप्प बसलो. रांगेत लेझीम खेळलेल्या पोराने त्याला हे विचारायचं नव्हतं.

लॅपटॉपवाल्याला वाटतं, प्रयोग फसला. पुढच्या वेळी आवाज कमी ठेवून कविता ऐकू येईल असं करायचं, एवढंच त्याने टिपून ठेवलंय. ते ठीकच आहे. हलगीवाल्याने मात्र दुसऱ्याच आठवड्यात एक काम केलं. २६ जानेवारीच्या लेझीमसाठी शाळेतून त्याला नेहमीसारखा निरोप आला. त्याने उलटा निरोप पाठवला की येतो, सराव पण घेतो, पण लेझीमच्या रांगेतल्या दोन पोरांना आधी हलगी शिकवणार, आणि मग आमच्या वस्तीतलं एक पोर रांगेत उभं राहणार. पोरं कुणाची ते सरांनी ठरवावं, फक्त ती मातंगांची नकोत.

उत्तर आलं नाही. २६ जानेवारी २०२४ ला सकाळी मी पाळी सुटल्यावर शाळेच्या गेटापाशी जाऊन उभा राहिलो. लेझीम झाली. ठोका मोबाईलवरून स्पीकरला लावला होता.